हॉलमधलं अंथरूण

अंबिकाला झोप लागली ती शेअर रिक्षात, दुपारी बाराच्या सुमारास, एका अनोळखी बाईच्या खांद्यावर. सिडकोहून निघालेली रिक्षा शहागंजात थांबली, ड्रायव्हरनं मान न वळवता ‘चलो, शहागंज’ म्हटलं आणि तिचे डोळे उघडले. गालाखाली काळं, उन्हानं तापलेलं कापड होतं, त्याला अत्तराचा आणि फोडणीच्या कांद्याचा वास येत होता. ती दचकून सरळ झाली. शेजारची बुरख्यातली बाई, असेल साठीची, आपला आखडलेला खांदा दुसऱ्या हातानं चोळत होती. अंबिका ओशाळून काहीतरी पुटपुटली. “हडबडाओ नक्को बाजी,” ती बाई म्हणाली, “थकेले थे तुम. मैं हिलीच नई.” आणि पिशवी सावरत उतरून गर्दीत दिसेनाशी झाली. अंबिका रस्त्याच्या कडेला, लिंबांच्या हातगाडीशेजारी उभी राहिली. आझाद चौकातला सिग्नल तिला आठवत होता, त्यानंतरचं काही नाही. म्हणजे दहा मिनिटं. फार तर बारा. बावीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळल्यामुळे कोणत्याही गोष्टीची वेळ आणि तारीख मनात टिपून ठेवायची तिला सवय होती, आणि ही नोंद तिला कुठं टाकावी ते समजेना. घरी तिच्यासाठी दोन अंथरुणं होती. एक आतल्या खोलीत, एक हॉलमध्ये. दोन्हींवर मऊ गाद्या, धुतलेल्या चादरी, आणि त्यांच्यावर महिनोन् महिने न आलेली झोप इथं हॉर्नच्या कल्लोळात, परक्या बाईच्या हाडावर डोकं टेकताच आली होती. तिला आधी अपमान झाल्यासारखं वाटलं. मग त्याखाली आणखी काहीतरी हललं. येतेय, म्हणजे अजून आहे.

पर्समध्ये दोन आठवड्यांचा तक्ता होता. दवाखान्यातल्या समुपदेशक प्रेरणानं तो भरायला दिला होता. किती वाजता आडव्या झालात, किती वाजता झोप लागली असं वाटतं, किती वेळा जाग आली, किती वाजता उठलात, दिवसा किती वेळ पडून होतात, औषधं घेतली का. अंबिकानं सगळं काळ्या पेनानं, खाडाखोड न करता भरलं होतं. फक्त शेवटच्या रकान्यातल्या चौदाच्या चौदा खुणा खोट्या होत्या.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर तिचं ऑपरेशन झालं होतं. डाव्या छातीतली गाठ गेली, तिच्याबरोबर छातीही गेली. मग केमोथेरपी, मग रेडिएशन, आणि चैत्रात डॉक्टर म्हणाले की मोठं सगळं पार पडलं, आता रोज एक गोळी, पाच वर्षं. घरात पेढे आले. नवरा सुदर्शन वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर होता, त्यानं तिथंही वाटले. ती गोळी दिसायला खसखशीच्या चार दाण्यांएवढी, पण सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत मानेच्या मागून वाफ उसळायला लागली, दिवसातून सात-आठदा, रात्री तीनदा. भट्टीचं दार कुणीतरी आतून उघडल्यासारखी. झोप तशी केमोपासूनच विस्कटलेली होती, आता ती नावालाच उरली. सुदर्शनला सांगितलं तर तो समजुतीनंच म्हणाला की जीव वाचलाय, झोपेचं काय घेऊन बसलीस. यात वाईट काही नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. जीव वाचलेल्या बाईनं झोपेची तक्रार करणं म्हणजे पुरातून बाहेर काढलेल्या माणसानं चप्पल शोधण्यासारखं होतं. तिनं तक्रार बंद केली. आणि बावीस दिवसांपूर्वी, मोबाइलवर कुठंतरी वाचून, कुणाला न सांगता, गोळीही बंद केली. रोज सकाळी ती पाकिटातून एक गोळी काढायची, पाण्याचा घोट घ्यायची आणि गोळी शिलाई मशीनच्या खणात टाकायची. वाफा थोड्या कमी झाल्या. झोप मात्र आली नाही. म्हणजे आता झोपही नव्हती आणि गोळीही नव्हती. पुन्हा सुरू करायची तर मधल्या दिवसांचं काय झालं हे कुणालातरी सांगावं लागलं असतं. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना, पहाटे पडल्यापडल्या, दात घासताना तिच्या मनात तोच एक हिशेब चालायचा. या बावीस दिवसांत आत काही उगवत असेल का.

प्रेरणाची खोली म्हणजे फायलींच्या कपाटामागं पार्टिशन घालून केलेली जागा होती. पोरगी तिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेले, बोलताना पेन टेबलावर ठेवून देणारी. तिनं तक्ता सावकाश वाचला. मग कागदावर एकाखाली एक दोन ओळी लिहून अंबिकापुढं सरकवल्या. चोवीस तासांत आडवं असण्याचे तास सोळा. झोपेचे पावणेपाच. “ताई, हे सात तास दिवसाचे कुठले?” तिनं विचारलं. तेव्हा अंबिकाला हॉलमधल्या अंथरुणाबद्दल सांगावं लागलं. सांगताना पहिल्यांदाच ते विचित्र वाटलं. ऑपरेशनहून घरी आली त्या दिवशी सासूनं, द्वारकाबाईनं, हॉलमध्ये दिवाणावर गादी टाकली होती, कारण भेटायला माणसं येणार. माणसं आली, आणि अकरा महिने येत राहिली. पैठण तालुक्यातून, गंगापुराकडून, कुणी मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून, कुणी रोजगार बुडवून. आलेल्याला ती पडलेली दिसली पाहिजे, हा सासूचा दंडक होता. फाटक वाजलं की ती आतूनच ‘पड’ म्हणायची. अंबिका पडायची, पायावर पांघरूण घ्यायची, आवाज थोडा बारीक करायची. कुणी येणार नसलं तरी कुणी येईल म्हणून पडून राहायची. कचेरीतून लांब रजा होतीच, तेव्हा सकाळी नऊ ते बारा, मग तीन ते सात.

प्रेरणा हसली नाही. म्हणाली, “तुमच्या शरीराला गादी म्हणजे काय तेच कळेनासं झालंय. तिथं झोपायचं, की माणसांना भेटायचं, की आजारी असायचं?” मग तिनं उपचार सांगितला. तो ऐकून अंबिकाला वाटलं, ही आपली थट्टा करतेय. आजपासून झोप कमी करायची. रात्री बाराच्या आधी अंथरुणात जायचं नाही, सकाळी साडेपाचला उठायचं, झोप लागलेली असो वा नसो. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायचं, पेंग आली की परत जायचं. दिवसा आडवं व्हायचं नाही. सकाळी अर्धा तास उन्हात चालायचं. पहिले आठ दिवस वाईट जातील, चिडचिड होईल, स्कूटी चालवायची नाही. साडेपाच तास झोपेनं भरायला लागले की दर आठवड्याला पाव पाव तास वाढवू. “झोपेची गोळी देता येते,” ती म्हणाली, “पण ती उसनी असते. ही तुमची होईल.” शेवटी सहज, पेन उचलता उचलता विचारलं, “पाच वर्षांची गोळी चालू आहे ना? तिच्या वाफांनी झोप मोडते, खूप जणींची. डॉक्टर वेळ बदलून देतात, वाफांवर दुसरंही काही देतात. फक्त आपल्या मनानं बंद करू नका.” अंबिका म्हणाली, हो, चालू आहे. हे म्हणताना तिला कचेरीतलं एक जुनं प्रकरण आठवलं. मागच्या तारखेनं नोंद केली म्हणून बदली झालेला एक कारकून होता. तेव्हा तीच त्याच्याविरुद्ध सगळ्यात कडक बोलली होती.

परतताना ती रिक्षात मुद्दाम कडेला, दांडा धरून बसली. झोप कमी करायची. तिच्या बापाला, मल्हाररावला, हे ऐकून हसू आलं असतं. त्यांच्याकडं झोप ही वेगळी करायची गोष्टच नव्हती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठानं खाली सरकायचं, आणि घोडीच्या पाठीवर वाकळा, भांडी, कोंबड्यांची डालकी, दोन अशक्त कोकरं आणि सगळ्यांवर पाच-सहा वर्षांची अंबिका. घोडी चालू लागली की डालक्यातल्या कोंबड्या गप्प व्हायच्या, कोकरांचा ओलसर ऊबदार श्वास पोटरीला लागायचा, आणि खालून शेकडो खुरांचा एकच आवाज यायचा, वाळूवरून पोतं ओढत नेल्यासारखा. त्यात ती झोपायची. कुणी ‘झोप’ म्हटलेलं नसायचं. पडू नये म्हणून आई एक दोरी सैलसर बांधायची एवढंच. पुढं शाळेसाठी मामाकडं बिडकीनला ठेवलं तेव्हा पहिल्यांदा तिला भिंतींच्या आत, दिलेल्या जागी, दिलेल्या वेळी झोपावं लागलं होतं आणि आठवडाभर डोळा लागला नव्हता. मामी म्हणाली होती, ह्या पोरीला मेंढरं आणून बांधू का घरात. तिला वाटलं, माणसाची झोप म्हणजे दुसरं कुणीतरी चालतंय, आपण नुसतं वर आहोत, हा भरवसा असेल. गेलं वर्षभर सगळे तिला चालवत होते, हे खरं. पण त्या घोडीवर तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

घरी सांगितलं तसं द्वारकाबाई ऐकून घेत राहिली, हातातली मेथी निवडत. मग म्हणाली की डाक्टरीण लेकरू आहे, तिला काय ठाव. आजारी माणसाला उठून बसवायचं हे कुठलं औषध. अंबिकानं तक्ता दाखवला, सोळा आणि पावणेपाच. सासूला आकडे वाचता येत होते, तिनं ते वाचलेही. पण अंथरूण काढायला ती तयार होईना, आणि कारण जे आजवर नुसतं दंडकासारखं होतं ते त्या दिवशी बाहेर आलं. तिची धाकटी बहीण दगडाबाई. तिच्या पिशवीत गाठ झालेली, काढली, तीन महिने पडून होती, मग उठली. दिराच्या पोराच्या लग्नात हिरवं लुगडं नेसून मिरवली. बाया म्हणाल्या, दगडाबाई तर नवरीवानी दिसती. दोन महिन्यांत गेली. “बरं झालेलं माणूस दावायचं नसतं,” द्वारकाबाई म्हणाली. “लोकाला आजारी दिसलं की लोक हळहळत्यात, आन निघून जात्यात. बरं दिसलं की बघत राहत्यात.” आणि मेथीच्या काड्या गोळा करून उठली. अंबिकाला राग आला होता, तो तिथंच थांबला. इतके दिवस तिला वाटत होतं की सासूला तिचं आजारपण चारचौघांत मिरवायला आवडतं. म्हातारी तिला लपवत होती, भर हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत.

शेवटी असं ठरलं की अंथरूण राहील, पण अंबिका त्याच्याशेजारी खुर्चीवर बसेल. सुदर्शननं दोघींकडं पाहून मान हलवली आणि मोबाइल चार्जिंगला लावला. नंतरचे दिवस प्रेरणानं सांगितले त्याहून वाईट गेले. पहिल्या रात्री बाराची वाट बघताना तिनं मसाल्याच्या बरण्या पुसल्या. गादीवर गेल्यावर सवयीनं डोळे सताड उघडले, मग उठून खुर्ची, पुन्हा गादी, पुन्हा खुर्ची. साडेपाचच्या गजरानं उठणं म्हणजे चिखलातून पाय उपसणं. सिडकोच्या बागेत ती उन्हात चालायची तेव्हा झाडं आपल्या बाजूला कलतायत असं वाटायचं. चहात साखरेऐवजी मीठ पडलं. सुदर्शनवर ओरडली, नंतर रडली, आणि रडतानाही पेंग आली म्हणून स्वतःचंच हसू आलं. दिवाण समोरच असायचा, चादर ताणून घातलेला, आणि त्याच्यावर तिच्या अंगाचा उथळ खळगा. ती त्याच्याकडं पाठ करून बसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र एक बदल तिला जाणवला. बारा वाजता ती गादीवर गेली ती झोपेची वाट बघत नव्हती, झोपच तिची वाट बघत होती. सहाव्या रात्री एकदा जाग, सातव्या रात्री दोनदा, पण दोन्हीदा परत डोळा लागला. तक्त्यातले आकडे वर सरकले. शेवटच्या रकान्यात ती आता खूण करत नव्हती. तो कोरा सोडत होती. खोटं लिहिण्यापेक्षा ते बरं होतं, खरं लिहिण्यापेक्षा सोपं. तिनं मनाशी ठरवलं होतं की झोप पक्की झाली की गोळी. पण पक्की म्हणजे किती रात्री, हे ती ठरवत नव्हती. रोज सकाळी शिलाई मशीनच्या खणात एक गोळी जास्त होत होती.

नवव्या दिवशी रविवार होता. दुपारी चारला फोन आला. द्वारकाबाईची थोरली चुलत जाऊ केसरबाई बिडकीनहून निघाली होती, लेक रामकिसन गाडी घेऊन, आणि ते महानुभाव आश्रम चौकात पोहोचले होते. म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. केसरबाई म्हणजे अख्ख्या भावकीचे डोळे. तिनं जे पाहिलं ते आठ दिवसांत सात गावांत जायचं. द्वारकाबाईनं चादर झटकली, उशी थापटली, पायाकडं पांघरूण घडी मोडून ठेवलं. “पड गं आता. येतीलच ती.”

अंबिका खुर्चीतून उठली आणि दिवाणापर्यंत गेली. तिथं ती थांबली. गादीचा वास आला, तेलाचा, औषधांचा, अकरा महिन्यांचा, आणि तिचे गुडघे आपोआप वाकायला लागले. आत्ता पडली तर तिला झोप लागणार होती, खात्रीनं, केसरबाईच्या देखत, दोन-तीन तासांची गाढ झोप. मग रात्र गेली. मग उद्या पुन्हा पहिला दिवस. आणि गोळी आणखी लांब. हे सगळं तिला एकदम दिसलं, रजिस्टरचं पान उघडल्यासारखं.

“नाही पडत, आत्या,” ती सासूला म्हणाली.

“दहा मिंटं. त्वांड दावून जाऊ दे त्यांना.”

“आत्या, मी गोळी बंद केलीय.”

द्वारकाबाईचा हात उशीवरच राहिला. “कोणती?”

“ती, पाच वर्षांची.”

“कवापास्नं?”

“आज एकतीस दिवस. झोप यावी म्हणून.”

“मग आली?”

“नाही. झोप गोळीनं जात नव्हती नुसती. ह्याच्यानं जात होती.” अंबिकानं गादीवर बोट ठेवलं. तिचा आवाज कचेरीत बोलल्यासारखा सपाट निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. “आता कुठं यायला लागलीय. ती राहिली तर माझ्यात वाफा सोसायचं बळ येईल, मग गोळी घेईन. ती गेली तर माझ्याच्यानं नाही होणार.”

ती बोलणी खायला तयार होती. नवऱ्याला, दवाखान्याला न सांगता केलेली गोष्ट, आणि ती सांगायला निघाली कुणाला तर जिच्याशी नऊ दिवस या चादरीवरून धुसफूस चाललीय तिला. पण आपण हे दुसऱ्या कुणाला सांगू शकलो नसतो, हे बोलून झाल्यावर तिला कळलं. बाकी सगळ्यांच्या लेखी ती बरी झालेली होती. ती अजून संकटात आहे असं मानणारं घरात एकच माणूस होतं.

सासू दिवाणाच्या काठावर बसली. चादरीची सुरकुती तिनं तळव्यानं दाबून सपाट केली. मग म्हणाली, “दगडाला बी दिल्या असतील गं असल्या गोळ्या. कुणी इचारलंच नाय. लगीन होतं घरात.” एवढंच. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण अंबिकाला वाटलं, तीस वर्षं एका जागी ठेवलेली जड पेटी कुणीतरी वीतभर सरकवली. बाहेर गाडीचं दार वाजलं, मग फाटकाची कडी.

द्वारकाबाईनं फाटकाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. मग चपला काढल्या, पाय वर घेतले, दिवाणावर सरळ आडवी झाली आणि श्रावणातल्या उकाड्यात पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. “जा,” ती म्हणाली. “च्या टाक.”

केसरबाई दारातून आत आली ती चेहरा तयार करून. हातात डझनभर केळी आणि बिस्किटांचा मोठा पुडा. तिचे डोळे दिवाणाकडं गेले, तिथं थबकले, मग ओट्याशी उभ्या असलेल्या अंबिकाकडं आले आणि परत दिवाणाकडं गेले. रामकिसन तिच्यामागं घोटाळत उभा राहिला. त्यानंच आधी विचारलं, “काकू, तुमाला काय झालं?”

“गुडघं.”

“आन कवापास्नं?”

“झालं की कालपास्नं. बसा.”

“गुडघ्याला गळ्यापतुर पांघरूण?” केसरबाई म्हणाली. केळी कुणाच्या हातात द्यावी हे तिला ठरवता येईना. ती अंबिकाकडं वळली, डोळे बारीक करून तिला वरपासून खालपर्यंत पाहायला लागली, आणि तोंड उघडलं, “अगं पण ही तर...”

“अक्का,” दिवाणावरून आवाज आला, मोठा नव्हता, पण आजारी माणसाचाही नव्हता. “तिला नको बघू. मला बघाया आलीस ना? मग मला बघ. केळी ठिव उशाला.”

केसरबाईनं केळी उशाला ठेवली. मग खरंच तिनं जावेला बघितलं, अर्धा तास. गुडघ्याला एरंडाचं पान, निरगुडीचा शेक, गुलमंडीतल्या एका वैद्याचं तेल, रामकिसनच्या सासूनं बदलून घेतलेली वाटी आणि त्याचा पस्तावा. द्वारकाबाई हं हं करत होती, घामानं तिचं कपाळ चमकत होतं, आणि मधूनच ती कण्हत होती. ते कण्हणं चांगलं जमत होतं. अकरा महिने तिनं ते दुसऱ्याकडून करवून घेतलं होतं. अंबिका चहाच्या आधणाकडं बघत उभी होती. आलं किसताना तिला जाणवलं की पाठीवर काहीच नाही. इतके दिवस मानेपासून कमरेपर्यंत एक दाब असायचा. तो दुखण्याचा आहे असं ती डॉक्टरांना सांगायची, तपासण्यांत काही निघायचं नाही. ती नजर होती. चांगली नजर, हळहळीची, प्रेमाची, पण रोज सात तासांची. कुणी बघतंय तोवर माणूस झोपेल कसा. झोपेचं सोंग मात्र उत्तम करेल. ती हॉलमध्ये कप घेऊन गेली, केसरबाईनं तिच्याकडं न पाहता कप घेतला आणि म्हणाली, “द्वारके, मग वाटी बदलायची नाय हां, सांगून ठिवते.” अंबिका परत आली, ओट्याला कंबर टेकली आणि आपला चहा उभ्यानं, फुंकर घालत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

ते गेल्यावर द्वारकाबाईनं पांघरूण लाथेनं झुगारलं. तिची चोळी भिजली होती. “कसं गं पडत होतीस हितं?” ती धापा टाकत म्हणाली. “गादीला तुझा खड्डा पडलाय. कूस बी बदलंना.” मग दोघींनी मिळून गादी उचलली. ती अपेक्षेपेक्षा जड निघाली, दारातून वाकवावी लागली, आणि ती अंगणातल्या भिंतीवर टाकेपर्यंत दोघीही हसत होत्या. कशाला ते विचारलं असतं तर कुणालाच सांगता आलं नसतं. दिवाणाच्या उघड्या फळ्यांवर सासूनं मेथीची जुडी ठेवली.

त्याच संध्याकाळी अंबिकानं प्रेरणाला फोन केला. रविवार होता, तरी तिनं उचलला. अंबिकानं तारीख सांगितली, दिवस सांगितले, खोट्या चौदा खुणा सांगितल्या.  प्रेरणानं तिला फोन धरून ठेवायला सांगितलं, दुसऱ्या फोनवर डॉक्टरांशी बोलली आणि परत आली. उद्या सकाळी नाश्त्यानंतर सुरू करा. महिना गेला तो गेला, पाच वर्षांत तो भरून निघण्याजोगा आहे, पण मंगळवारी येऊन तपासून जा, वाफांवर औषध देणार आहेत. आणि खणातल्या गोळ्या घेऊ नका, नवीन पाकीट फोडा. “ताई, सांगितलंत ते बरं केलंत,” एवढंच ती शेवटी म्हणाली. सुदर्शनला तिनं जेवताना सांगितलं.  तो रागावला, मग घाबरला, मग त्यानं विचारलं की मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली की तू पेढे वाटले होतेस. त्यानंतर तो बारा वाजेपर्यंत तिच्याबरोबर जागा राहायचं म्हणून खुर्ची ओढून बसला, आणि साडेदहाला तिथंच घोरायला लागला.

सकाळी अंबिकाला जाग आली तेव्हा पडद्यावर ऊन होतं. ती काही क्षण तशीच पडून राहिली, काय चुकलंय ते आठवत. मग मोबाइल उचलला. सात वाजून दहा मिनिटं. गजर बंद केलेला होता. स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज येत होता. ती उठून दारात गेली आणि जाब विचारावा तसं म्हणाली, “आत्या, गजर तुम्ही बंद केलात?”

“व्हय.” द्वारकाबाईनं मान वर केली नाही. “वाजत व्हता कवाधरनं. तू हूं का चूं नाय. त्वांड उघडं टाकून पडली व्हतीस. उठवायला जीव झाला नाय.”

“साडेपाचला उठायचंच असतं. उपचार आहे तो. आता सगळं बिघडलं.”

“बिघडू दे की एक दिस. बापाच्या घोडीवर पडल्यावानी पडली व्हतीस.”

मल्हाररावच्या घोडीची गोष्ट आपण हिला कधी सांगितली, हे अंबिकाला आठवेना. ती टेबलाशी बसली आणि तक्ता पुढं ओढला. अंथरुणात गेल्याची वेळ, बारा. झोप लागली, बारा दहा. जाग, एकदा, पाच मिनिटं. उठल्याची वेळ, सात दहा. त्यापुढं तिनं लिहिलं, ‘नियम मोडला. सासूबाईंनी.’ प्रेरणा यावर काय म्हणेल ते मंगळवारी कळणार होतं. द्वारकाबाईनं भाकरी आणि दूध पुढं ठेवलं आणि हलली नाही. अंबिकानं खाल्लं, नवीन पाकीट फोडलं, गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायली. सासू बघत होती. या वेळी तिला ते चाललं. मग तिनं पेन उचललं आणि शेवटच्या रकान्यात खूण केली.